दोर कापताना

नॉर्वेतल्या बेटावर कोळ्यांनी बसवलेलं नाटक रंगात आलं होतं. आस्लाक त्यात आपल्या वडिलांचंच काम करत होता. अनेक वर्षांपूर्वी एका वादळात मागे बांधलेली होडी सगळ्यांनाच बुडवणार असं दिसताच त्यांनी दोर कापला होता. त्यांच्या होडीतली माणसं वाचली. मागच्या होडीतला, गावातल्या सुनिवाचा नवरा गेला. गाव त्यांना वीर म्हणायचं. ते मात्र मरेपर्यंत सुनिवाला तोंड दाखवू शकले नाहीत. आज दोरावर सुरी ठेवताना समोर बसलेली म्हातारी सुनिवा दिसली आणि आस्लाकचा हात थिजला. सुनिवा काठी टेकत उठली. "काप रे पोरा! तुझ्या बापाच्या होडीत माझी लेक होती. त्यानं कापला म्हणून ती वाचली." आस्लाकनं डोळे मिटून दोर कापला. मटकन बसत सुनिवा शेजारणीला म्हणाली, "हे त्याला जिवंतपणी सांगायला हवं होतं गं."