आमची रश्मी

गायत्रीच्या मनगटावर फुलपाखरू बसलं आणि तिने हात झटकला नाही. रश्मीने मनातल्या मनात तिला एक गुण देऊन टाकला. पोरगी घाबरट नाही.

"पंखाले बोट नाही लावायचं, बरं का," गाइड रितेश म्हणाला. "रंग उतरतो त्याचा. मर्जी झाली की खुद उडते ते."

तापीकाठच्या त्या छोट्याशा फुलपाखरू उद्यानात मोठ्या जाळीच्या आत एका वेळी थोडीच माणसं सोडत, आणि सगळ्यांनी गाइडच्या मागे चालायचं. आजच्या घोळक्यात दोन कुटुंबं होती. तुकईथडची गायत्री, तिची आई आणि मामा-मामी. आणि बुऱ्हाणपूरच्या धुरपदाबाई, त्यांचा मोठा मुलगा निरंजन आणि सून रश्मी. दोन्हीकडचं कोणीही फुलपाखरं बघायला आलेलं नव्हतं.

धुरपदाबाईंच्या घराण्यात मुलगी अशीच बघत. पहिल्या खेपेला कोणी कोणाच्या घरी जायचं नाही, बाहेर कुठेतरी सहज भेटल्यासारखं भेटायचं. जमलं तर पुढे चहा-पोहे, नाही जमलं तर कोणाची शोभा नाही. एरवी ही भेट इच्छापूरला, देवीच्या पायऱ्यांवर व्हायची. या वेळी धुरपदाबाईंनीच मोडता घातला. "तिथी सतराशे साठ वळखीचे भेटतात. इथी जाळीत कोन येते?"

मुलगी कोणासाठी बघायची, हे रश्मीने विचारलंही नाही. घरात लग्नाचा एकच होता, इंदूरला नोकरी करणारा धाकटा दीर तुषार. आणि पहिल्या खेपेला नवरा मुलगा येत नाही, मोठी माणसंच येतात, हे तिला ठाऊक होतं.

रश्मी खुशीत होती. जाऊ येणार म्हणून तर होतीच, पण खरं कारण वेगळं होतं. लग्नाला सात वर्षं होऊन गेली तरी तिला मूल नव्हतं, आणि सासूबाई तिच्याशी भाजी-मिठापुरतंच बोलत. त्या घरात आपल्याला जागा मिळावी, एवढंच तिला हवं होतं. या आठवड्यात मात्र सूर्य पश्चिमेला उगवला. "तू बी चाल, रश्मी. पोरींची पारख तुलेच हाय," सासूबाई म्हणाल्या. साडी नको, ड्रेस घाल म्हणाल्या. चालायचंय, बूट घाल म्हणाल्या. मंगळसूत्राचा दोरा झिजला म्हणून इतवाऱ्यातल्या पटव्याकडे ते गाठवायलाही स्वतःच देऊन आल्या. आणि मघाशी फाटकाशी त्यांनी गायत्रीच्या आईला ओळख करून दिली, "ही आमची रश्मी." सूनबाई नाही, आमची! रश्मीचे डोळे भरून आले होते.

मग ती कामाला लागली. चष्मा विसरले म्हणत गायत्रीकडून एक पाटी मोठ्याने वाचून घेतली. वाचा स्वच्छ. ओढ्यावरच्या लाकडी पुलावर तिला पुढे घालून मागून चाल बघितली. चाल झकास. "आई, ही हातची सोडू नका," ती सासूबाईंच्या कानाशी म्हणाली. सासूबाई "हाव" म्हणाल्या आणि दुसरीकडे बघू लागल्या.

पुढे एका ताटलीत अतिपिकलेली केळी ठेवली होती. त्यांवर तपकिरी फुलपाखरं गर्दी करून बसली होती. सगळे तिकडे गेले. रश्मी आणि गायत्री लिंबाच्या झाडांपाशी मागे राहिल्या.

"ताई, एक विचारू? तुमचे भाऊ हमेशा असेच गप्प राहतात का?"

"तुषार?" रश्मी हसली. "तो आलाय कुठे? आला असता तर गाइडलासुद्धा बोलू दिलं नसतं त्याने."

"तुषार कोण?" गायत्री गोंधळली. तिने हनुवटीने पुढे दाखवलं. "मी यांचं विचारते आहे."

ताटलीशी निरंजन उभा होता.

"राग नका मानू हं," गायत्री म्हणाली. "मामीनं ऐकलं होतं, त्या घरात एक तरुण बाई दिसते. आईले शंका आली. तर तुमची आई म्हणे, ती त्याची बहीण हाय. मग आम्हीच म्हटलं, त्यांना घेऊन या. आज तुम्हाला पाहिलं, तर सबका टेन्शन खतम."

रश्मी मुलगी बघायला आलीच नव्हती. तिला दाखवायला आणलं होतं.

तिने निरंजनकडे पाहिलं. त्यानेही वर पाहिलं, आणि लगेच खाली वाकून तो फुलपाखरं न्याहाळू लागला. म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. सासूचं एक वेळ समजून घेता आलं असतं. पण सकाळी गाडीत बसताना "ड्रेस शोभतो तुला" असं तोच म्हणाला होता. केसाने गळा कापतात म्हणतात, तो हाच. तिला मोठ्याने रडावंसं वाटलं, आणि रडायची लाजही वाटली.

"काय खुसफुस चाललीय वं?" धुरपदाबाईंनी पुढून विचारलं. "मंग, पसंत हाय का पोरगी?"

सगळे कौतुकाने मागे वळले. गायत्री लाजली. त्या पोरीचा काही दोष नव्हता. रश्मीला ती मनापासून आवडली होती, अजूनही आवडत होती. तिने गायत्रीचा हात धरला आणि तिला सगळ्यांच्या मधोमध, निरंजनच्या समोर नेऊन उभं केलं.

"अहो," ती म्हणाली, "हिला जरा सांगा ना, आपल्या लग्नाला किती वर्षं झाली ते."