न बोलण्याची खिंड

खिंडीत कुणी एक शब्द जरी बोललं तरी दरड कोसळणार, एवढं सांगून सुलक्षणानं तोंडावर बोट ठेवलं.

समोर सतरंजीवर तिघं होते: पप्पू, त्याची बहीण सुप्रिया आणि स्वरूप. उत्रोलीत पप्पूच्या भातगिरणीच्या माळ्यावर दर रविवारी दुपारी त्यांचा खेळ चालायचा. सुलक्षणा गोष्ट रचून आणायची, बाकीचे तिच्यातली माणसं होऊन बोलायचे आणि फासा पडेल तशी गोष्ट पुढं सरकायची. स्वरूप व्हायचा भिमा घोडेवाला. आवाज असा, की रस्त्यानं जाणारा थांबून वर बघायचा.

तीन महिन्यांपूर्वी कॅन्सरमुळं त्याचं स्वरयंत्र काढलं. आता तो गळ्यावरच्या भोकातून श्वास घ्यायचा आणि वर पांढरा रुमाल बांधायचा. ऑपरेशननंतर आज पहिल्यांदाच आला होता. त्याला एकट्याला गप्प बसावं लागू नये, म्हणून ही खिंड. सुलक्षणानं पंधरा दिवस खपून तिचा नकाशा काढला, बोलण्याऐवजी अठरा खुणा बसवल्या, आरशासमोर घड्याळ लावून एकेक तपासली. ‘मागून कुणीतरी येतंय’ हे दाखवायला चार सेकंद लागत होते, ते तिनं दोनवर आणले.

ठरवलं होतं तसंच सगळं चाललं. पप्पूनं हातवारे करून घोडं चुचकारलं. सुप्रियानं पुढचा कडा दाखवला. फासे पडत राहिले.

गिरणी बंद होती. हळूहळू माळ्यावर एकच आवाज उरला. स्वरूपच्या रुमालाआडून येणारी बारीक शीळ. श्वास घेताना एकदा, सोडताना एकदा.

हे सुलक्षणानं हिशेबात धरलंच नव्हतं.

स्वरूपनं रुमालावर तळवा दाबला. दम कोंडला तसा हात काढला. मग त्यानं मोबाईलवर काहीतरी लिहून सुप्रियाच्या हातात दिलं. ते बघून ती मोबाईल मुकाट्यानं सुलक्षणाकडं द्यायला लागली, तर त्यानं तिचं मनगट धरलं. मोठ्यानं वाच, असं त्याला म्हणायचं होतं.

“घरी पन समदी आशीच गप बसत्यात,” सुप्रियानं वाचलं. “मला बघून आई भांड्याचा सुदिक आवाज करत न्हाई. म्या हितं तुमचं बोलनं ऐकाया आलो व्हतो.”

सुलक्षणाला माफी मागायची होती.

स्वरूपनं मोबाईल परत घेतला, आणखी दोन ओळी लिहिल्या आणि पप्पूपुढं धरला. आजारपणाआधी पप्पू येताजाता त्याच्या आवाजाची नक्कल करून त्याला छळायचा. दवाखान्यात भेटून आला त्या दिवसापासून त्यानं ते सोडलं होतं. त्यानं ओळी वाचल्या, घसा खाकरला, तोंड भिंतीकडं फिरवलं आणि हुबेहूब स्वरूपच्या आवाजात, शेवटचं अक्षर तसंच लांबवत म्हणाला,

“ए डोंगरा, पडायचं तर पड एकदाचा. माजी घोडी लई वेळ थांबायची न्हाईत.”

स्वरूपनं डोळे मिटून घेतले होते. मग त्यानं चाचपत मोबाईल ओढला आणि दोनच शब्द लिहिले.

‘परत म्हन.’