आण्णांची काच

लहानपणी मी वडिलांचा डबा घेऊन उद्यमनगरातल्या वर्कशॉपात जायची. वेल्डिंग चालू असलं, की आण्णा ओरडायचे, "भिंतीकडं बघ. डोळं जातील." त्यांची दांड्याची काळी काच थोरल्या भावाच्या डोळ्यांपुढं यायची, माझ्या कधीच नाही. आता मुलींना वेल्डिंग शिकवायचा प्रकल्प मीच चालवते. शिकवायला आण्णांनाच आणलंय. नव्याकोऱ्या काचा मागवल्या होत्या. तरी आज त्यांनी शिकाऊ मलिकाच्या हातात स्वतःची, दांड्याला चिंधी गुंडाळलेली काच दिली, आपण नवी घेतली. "भिऊ नको. मी हाय की." तिनं लोखंडाच्या जोडावर वेल्डिंगचा पहिला टाका मारला. "मिस्त्री झालीस गं," आण्णा म्हणाले. तिचं कौतुक करायला माझी जीभ रेटेना. ती जुनी काच मागायला पुढं सरकले, तोवर मलिकानं दुसरा टाका सुरू केला. आण्णा ओरडले, "काचेबिगर कुणी थांबायचं न्हाय. तुझाच नियम हाय न्हवं? भिंतीकडं बघ." मी वळले. भिंतीवर मलिकाच्या ठिणग्यांच्या उजेडात माझी सावली थरथरत होती.