पानसोटाचे डोळे

कवडूनं चाकू उघडला, अंगठ्यावर धार बघितली आणि मिटून परत धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, ठेवला.

"माह्याच्यानं होत नाई, बाई," तो म्हणाला. "पांढुर्ण्याचा एखादा कलमवाला बोलवा."

बाई म्हणजे पंचफुलाबाई, बागेच्या मालकीण. त्यांच्यामागे सौंसरच्या रस्त्याला लागून संत्र्याची बाग उभी होती. बाग कसली, मुंडकी उडवलेली झाडं. उन्हाळ्यात त्यांनी स्वतः उभं राहून ती छाटून घेतली होती. आता पंच्याऐंशी सालचा पौष चालू होता आणि खोडांवर नवे फुटवे आले होते. थंडी सरायच्या आत त्यांच्यावर चांगल्या झाडाचे डोळे, म्हणजे सालीसकट काढलेले कोंब, बांधले, तर बाग पुन्हा उभी राहणार होती. नाही बांधले, तर गेली.

ही कलमं मुळात कवडूचीच. जंबेरीच्या, म्हणजे जंगली लिंबाच्या, रोपावर संत्र्याचा डोळा बसवावा तर कवडूनंच, असं तेव्हा म्हणायचे. त्याचं एकही कलम मेलं नव्हतं. झाडं अशी काही जोमात वाढली की तिगावची माणसं बघायला यायची, आणि कवडू टोपी मागे सारून त्यांच्यापुढे खुशाल मिरवायचा. मग फळाचं वय आलं आणि निघूनही गेलं. झाडं नुसती वर वर जात राहिली. काटे भरपूर, संत्रं एक नाही.

भैय्याजी, म्हणजे पंचफुलाबाईंचे दीर, विहिरीच्या पाण्याला दोष देत होते. कोणी जमिनीला देत होतं. कवडूनं ते चालू दिलं असतं तर त्याला विचारणारं कोणी नव्हतं. पण तो आपल्या पायानं आला आणि अंगणात उभं राहून म्हणाला, की डोळे पानसोटाचे होते. पानसोट म्हणजे झाडाच्या पोटातून सरळ वर पळणारी माजलेली फांदी. तिचे डोळे टपोरे, सालीतून चटकन सुटतात, बांधले की हमखास धरतात, फक्त फळाचं नाव काढत नाहीत. हे कवडूला पाठ होतं. पण आपलं एकही कलम मरत नाही या कौतुकाची त्याला चटक लागली होती. एवढं सांगून तो गेला, आणि तेव्हापासून दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचत होता. चूक करणारे गावोगाव सापडतात. न विचारता सांगायला येणारा मी तरी दुसरा पाहिला नाही.

भैय्याजींना मात्र पंचफुलाबाईंनी आज त्यालाच बोलावलं हे पसंत नव्हतं. ज्यानं बाग घालवली त्याच्याच हाती ती परत द्यायची हा कुठला शहाणपणा, असं त्यांनी वहिनींना कवडूच्या तोंडावरच विचारलं. कवडूनं मान हलवली. त्यालाही तसंच वाटत होतं.

"पांढुर्ण्याच्या मानसाले पानसोट ऐकून मालूम आहे," पंचफुलाबाई म्हणाल्या. "याले भोगून मालूम आहे." मग त्या कवडूकडे वळल्या. "राग मले बी होता, कवडूभाऊ. झाडं छाटली तवा गेला. तुमीच कायले पाळून राहिले त्याले?"

कवडू धुऱ्यावर बसला. त्याला रडू आलं, आणि ते त्यानं लपवलं नाही. थोड्या वेळानं तोंड पुसून तो उठला, चाकू घेतला आणि विहिरीजवळच्या जुन्या झाडाकडे गेला. ते झाड फळांनी वाकलं होतं. प्रत्येक काडी तो दोन बोटांत फिरवून बघायचा. गोल असेल तर ठेवायचा, धारेची, म्हणजे पानसोटाची कंगोरेदार, लागली तर टाकून द्यायचा. भैय्याजींनी खवचटपणे एक जाडजूड काडी पुढे केली, म्हणाले, घे, कसे टपोरे डोळे आहेत बघ. कवडूनं ती घेतली, बघितली आणि मोडली.

पहिला डोळा काढताना चाकू जरा खोल गेला आणि साल फाटली. पूर्वीचा कवडू असता तर त्यानं इकडेतिकडे बघून तो पायाखाली दाबला असता. या कवडूनं तो धुऱ्यावर सगळ्यांना दिसेल असा ठेवला आणि दुसरा काढला. तो नीट बसला. त्यावर प्लास्टिकच्या पन्नीची पट्टी गुंडाळून तो पुढच्या झाडाकडे सरकला. मग त्याला पाणी प्यायचीही आठवण झाली नाही.

दिवस कलला तेव्हा भैय्याजी कुऱ्हाड घेऊन रस्त्याच्या कडेला निघाले. तिथलं एक झाड छाटायचं राहून गेलं होतं. उंच, हिरवंगार आणि रिकामं. निदान एवढं तरी आपल्या हातानं व्हावं, असा त्यांचा विचार असावा. कवडूनं त्यांना थांबवलं. ते झाड तसंच असू द्या म्हणाला, कोणी कलम बांधायला शिकायला आलं तर त्याला आधी तेच दाखवायचं आहे.

पंचफुलाबाई जवळ आल्या. "मोटारीतून दिसते ते," त्या हळूच म्हणाल्या. "लोक इचारतीन, कोनाच्या हातचं म्हनून."

कवडू पट्टीला गाठ मारत होता. त्यानं मान वर केली नाही.

"सांगा ना, कवडूनं बांधलं म्हना. आन मंग त्याईले अंदर आना. हे बी कवडूच बांधून राहिला म्हना."