हाकेच्या अंतरावर

पेंग्विन बघता बघता त्र्यंबकराव हरवले. आत्ता मालिनीबाईंच्या शेजारी कठड्याला टेकून उभे होते. मुलगा अनीश नव्या डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढत होता, त्यासाठी त्या जरा सरकल्या, आणि वळून बघतात तो जागा रिकामी.

मालिनीबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. गेलं वर्षभर त्र्यंबकरावांना विसरायला होत होतं. मुलाचा पत्ता सोडाच, मुलगा अमेरिकेत चँडलरला राहतो हेही कधी कधी आठवत नसे. जवळ फोन नाही, आणि मुलाच्या गावापासून लांब, सहलीला आलेल्या समुद्राकाठच्या त्या झूमध्ये रविवारची तोबा गर्दी.

"आई, पॅनिक होऊ नकोस. सिक्युरिटीला सांगून आलोय," अनीश धापा टाकत म्हणाला. "लोकरी कानटोपी म्हटल्यावर हसलाच तो."

हसणारच. ऊन नुसतं रणरणत होतं. पण पेंग्विन म्हटलं की बर्फ, ही त्र्यंबकरावांची पक्की समजूत. हॉटेलातून निघतानाच त्यांनी कानटोपी चढवली होती. आणि हे पेंग्विन निघाले दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे, वाळूत बिळं करून राहणारे. ओरडायचे तर थेट गाढवासारखे.

भोंग्यावरून त्यांच्या नावाचा तीनदा पुकारा झाला, तोही अमेरिकन उच्चारात. त्याला ते कसली ओ देणार!

"आई, तुम्हीच हाक मारा," सून नेत्रा म्हणाली. "इथे पाटीवर लिहिलंय, एवढ्या कालव्यात हे पक्षी जोडीदाराचा आवाज बरोब्बर ओळखतात. बाबा तुमचा नाही ओळखणार? नावाने मारा, जोरात."

बेचाळीस वर्षांत मालिनीबाईंनी ते नाव घेतलं होतं ते फक्त उखाण्यात. त्यांनी छातीभर श्वास घेतला. नाव ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडलं.

"अहोऽऽ!"

साताऱ्यात अशी हाक मारली असती, तर वीस पुरुष वळले असते. इथे लोक चमकून बघू लागले. एक मूल फिदीफिदी हसलं. हसू दे मेलं! लाज गेली खड्ड्यात.

"अहोऽऽ! ऐकलंत काऽऽ?"

आइस्क्रीमच्या गाडीमागून त्र्यंबकराव बाहेर आले. घामाघूम, कावरेबावरे. त्यांना बघून मालिनीबाईंना रडूच फुटलं.

"होतीस कुठे तू?" ते खेकसले. "परक्या मुलखात असं एकटीने भटकायचं? किती शोधलं तुला!"

अनीशने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मालिनीबाईंनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं आणि पदराने डोळे पुसून नवऱ्याचा हात घट्ट धरला.

"चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. "बरं झालं, तुम्हाला सापडले."