उरलेले दिवस

"ताई, बाकी सगळ्या टेस्ट हिरव्या, एकच लाल! माझं मशीनच करंटं दिसतंय." दाढीवाला बसल्या बसल्याच ऑफिसची चाकाची खुर्ची सरकवत थेट तिच्या टेबलापाशी आला.

तो याच आठवड्यात कामावर रुजू झाला होता. तारखांचा हिशेब करणारी ऑफिसची लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅमचा संच, आपल्या नव्या कॉम्प्युटरवर बसवत होता. ही लायब्ररी बसवली की आधी स्वतःचीच परीक्षा घेते. छोट्या छोट्या टेस्ट चालतात, पास झालेली हिरवी दिसते, नापास झालेली लाल, आणि सगळ्या पास झाल्या तरच गाडी पुढे सरकते. लिहिली होती तिनेच, एकटीने.

"काढून परत बसवलीत?"

"दोनदा. मशीन बंद करून चालूही केलं. आता फक्त हातापाया पडायचं राहिलंय."

एरवी ती हसली असती. तिने आपल्या मशीनवर टेस्ट चालवल्या. तीच एक लाल. काल संध्याकाळी तर हिरवी होती, म्हणजे त्याच्या मशीनचा दोष नव्हता. तिने टेस्टची फाइल उघडली. आत आजचीच तारीख लिहिलेली होती. तारीख ती विसरली नव्हती. ही टेस्ट मात्र साफ विसरली होती.

दाढीवाला तिच्या खांद्यावरून वाचू लागला. "या तारखेला किती दिवस उरले ते मोजायचं, आणि उत्तर शून्याच्या वर यायला हवं. बरं, मोजायचं कुठून? तर आजपासून! अहो, टेस्टमध्ये कुणी आजची तारीख घेतं का? दिवस सरत जाणार, आणि ती तारीख उजाडली की टेस्ट आपटणार. उजाडली की आज! कुठल्या शहाण्याने लिहिलीय ही?"

"मी."

दाढीवाल्याने जीभ चावली.

टेस्टमध्ये आजची तारीख घ्यायची नाही, हे तीच सगळ्यांना बजावून सांगायची. पण त्या दिवशी डॉक्टरांनी तारीख सांगितली आणि तिला आनंदाने काही सुचेना. एवढ्यात कुणाला सांगायचं नाही, असं नवरा-बायकोचं ठरलेलं. सांगितल्यावाचून राहवेना, तेव्हा दुपारी ऑफिसात येऊन तिने ती तारीख लायब्ररीलाच सांगून टाकली. तो दिवस उजाडेल तेव्हा आपण कुठे इथे असणार? फेल झाली तर निस्तरतील दुसरे! असं म्हणत एकटीच हसली होती.

पाचव्या महिन्यात सगळं संपलं. मुलगी होती.

आज सकाळी नवरा म्हणाला होता, "आज नको जाऊस ना." घरात बसून काय करू, असं ती त्याच्यावरच खेकसली होती, आणि तरी तोच तिला ऑफिसला सोडून गेला होता.

"उडवून टाकू का, ताई?" दाढीवाला म्हणाला. "एका टेस्टने काय अडतंय?"

"नाही!" ती एवढ्या जोरात ओरडली की पलीकडच्या टेबलांवरच्या माना वळल्या. मग तिने आवाज खाली आणला. "दुरुस्त होईल ती. आजपासून मोजायचंच नाही. एक दिवस कायमचा ठरवून द्यायचा, आणि तिथून मोजायचं."

"कुठला दिवस?"

 डॉक्टरांकडून आनंदात परतली होती, तो दिवस तिने टेस्टमध्ये लिहिला. आता कुणीही, कधीही ही लायब्ररी बसवली, तरी तिथे तोच दिवस असणार होता. पोर अजून यायची असणार होती.

"चालवा," ती म्हणाली.

दाढीवाल्याने आपल्या मशीनवर जाऊन टेस्ट चालवल्या आणि तिथूनच हाळी दिली, "हिरवी झाली! बघा ताई, अजून भरपूर दिवस आहेत!"

"हो," ती म्हणाली.  फोन उचलून ती जिन्यापाशी आली, भिंतीला टेकली आणि इतक्या महिन्यांत जे रडली नव्हती ते रडली. मग तिने नवऱ्याला फोन लावला.

"मला न्यायला येतोस?"

"खाली फाटकापाशीच आहे," तो म्हणाला. "सकाळी तुला सोडलं, तेव्हापासून गेलोच नाही."