सोबतीला बसणारी

सकाळी बाबा नेहमीसारखेच अग्निशमन केंद्रावर निघाले. "आज चहात साखर घातलीस, की नुसती दाखवलीस?" असं आईला जाता जाता चिडवूनही गेले.

केंद्रातला कुणी आगीत दगावला, की त्याच्या बायकोजवळ बसायला आईलाच बोलवायचे. केंद्राचे साहेब फोनवर नाव सांगत नसत आणि आईही विचारत नसे. पिशवीत चहापत्ती आणि साखर घेऊन ती निघायची. म्हणायची, "अशा घरात कुणाला डबे सापडत नाहीत."

त्या दुपारीही साहेबांचा फोन आला. "वहिनी, घरीच थांबा, आम्ही येतोय."

आई पिशवी भरून, चप्पल घालून दारातच उभी राहिली. गाडी आली. त्यातून वसाहतीतल्या बायका उतरल्या आणि आमच्या घरात येऊन बसल्या. मागून साहेब आले, टोपी हातात घेऊन. आईच्या नजरेला कुणी नजर देईना.

"अगं बायांनो, बसलात काय अशा? चला लवकर. ती बिचारी तिकडे एकटी असेल," आई म्हणाली. "आणि साहेब, आमच्या ह्यांना निरोप द्या, रात्री वाट बघू नका, जेवून घ्या. मला यायला उशीर होईल."

साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. एकीने तोंडाला पदर लावला.

 

शेवटी मीच आईच्या हातातून पिशवी घेतली आणि म्हणाले, "आई, चप्पल काढ. ती बिचारी तूच आहेस."